कूर्परसंधी : चमत्कारिक नावे आणि वेदनेचे नेमके स्थान

मराठीतील ‘कोपर’ हा शब्द ‘कूर्पर’ या संस्कृत शब्दावरूनच आलेला आहे. सुश्रुताचार्यांनी कूर्परसंधी कोर प्रकारात घातला असून त्याच ठिकाणी तीन अंगुळे प्रमाणाचे संधिमर्म सांगितले आहे. हे मर्म वैकल्यकर असून त्याच्या आघाताचे फळ ‘कुणि’, म्हणजे हात वाकडा व निकामी होणे, असे वर्णिले आहे. रोजच्या चिकित्सेत मात्र कोपर दुखते म्हणताच आपण ‘संधिगत वात’ लिहून मोकळे होतो. दुखणारी रचना कोणती, हे पाहण्याआधीच तेल ठरलेले असते. प्रस्तुत लेखाचा हेतू या सवयीकडे लक्ष वेधणे हा आहे.

प्रथम रचना पाहू. प्रगंडास्थि आणि प्रकोष्ठातील दोन अस्थी अशा तीन हाडांचे तीन सांधे येथे एकाच संधिकोषात आहेत. त्यांपैकी एक बिजागरीसारखा वाकतो, तर दुसऱ्यामुळे हात उताणा-पालथा होतो. पाश्चात्त्य शारीरातील नावे मोठी गमतीची आहेत. ‘अल्ना’ या लॅटिन शब्दाचा अर्थच कोपर. ‘रेडियस’ म्हणजे चाकाचा आरा. ‘ट्रॉक्लिया’ म्हणजे कप्पी. अल्नाच्या पुढील टोकास ‘कोरोनॉइड’, म्हणजे कावळ्याच्या चोचीसारखे, असे नाव आहे. हेच नाव खालच्या जबड्याच्या एका टोकासही आहे, आणि सुश्रुतांनी हनुसंधीला ‘वायसतुंड’ म्हटले आहे. दोन दूरच्या परंपरांना जबड्यापाशी कावळाच आठवावा, याचे आम्हास विद्यार्थिदशेपासून कौतुक वाटत आले आहे.

शारीरातील ही नावे निदान आकारास तरी धरून आहेत. व्याधींची नावे तशी नाहीत. कोपराच्या बाहेरील बाजूच्या दुखण्यास ‘टेनिस एल्बो’ म्हणतात. पण १८७३ साली रुंगे या जर्मन वैद्यकाने हे दुखणे नोंदविले ते लेखनाच्या श्रमासंबंधात. लॉन टेनिसचे इंग्लंडमधील पेटंट १८७४ चे आहे, आणि ‘लॉन टेनिस एल्बो’ हा शब्द ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये १८८३ साली आला. आमच्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांपैकी बहुतेकांनी रॅकेट हाती धरलेली नसते. कपडे पिळणाऱ्या व कणिक मळणाऱ्या गृहिणी, सुतार, खलात मर्दन करणारे औषधशाळेतील कामगार, आणि आपल्याच पंचकर्म विभागातील अभ्यंग करणारे परिचारक असे हे रुग्ण असतात.

नावात ‘एल्बो’ असले तरी येथे सांधा बहुधा निर्दोष असतो. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची कंडरा प्रगंडास्थीच्या बाहेरील उंचवट्यास जेथे चिकटते, तेथे विकृती असते. पूर्वी हा दाह समजला जाई. आता कंडरेच्या तंतूंची झीज व अपुरी भरपाई असे त्याचे स्वरूप मानतात. परीक्षा सोपी आहे. रुग्णास कोपर सरळ ठेवून मूठ वळण्यास सांगावे आणि मनगट वर उचलताना वरून दाब द्यावा. उंचवट्याशी नेमकी वेदना उमटली, आणि सांध्याची वाकण्या-वळण्याची हालचाल पूर्ण व सुखकर असली, तर हे दुखणे सांध्याचे नव्हे.

स्नायू, संधी व अस्थिगत वातासाठी सुश्रुतांनी स्नेह, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन एकत्र सांगितले आहे. कंडरेच्या दुखण्यात उन्मर्दन बेताने करावे. दुखऱ्या बिंदूवर जोराने रगडल्याने वेदना वाढलेली आम्ही पुष्कळदा पाहिली आहे. मुठीचा भार कमी करणे आणि वेदना ओसरू लागताच हलके वजन घेऊन मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम, हे दोन्ही औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. यातील बहुसंख्य रुग्ण वर्षभरात विशेष उपचारांवाचूनही बरे होतात, हे आपल्या गुग्गुळकल्पास श्रेय देताना विसरू नये. स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने पहिले काही आठवडे उत्तम आराम पडतो. परंतु वर्षाअखेरीस असे रुग्ण नुसती वाट पाहिलेल्यांहून मागे असल्याचे अभ्यासांत दिसले आहे.

आतील बाजूच्या दुखण्यास ‘गोल्फर्स एल्बो’ म्हणतात. तेथे अधिक सावध राहावे, कारण त्या उंचवट्याच्या मागेच अल्नर नर्व्ह जवळजवळ त्वचेखालून जाते. कोपर कशावर आपटले की करंगळीपर्यंत मुंग्या येतात, त्या हिच्यामुळे. इंग्रजीत या जागेला गमतीचे हाड म्हणतात. येथे ना गंमत, ना हाड.

व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात आमच्याकडे एक औषध-दुकानदार आले होते. दिवसभर काउंटरच्या काचेवर कोपर टेकलेले, दुसरीकडे फोन कानाशी. आतील बाजूस वेदना होती. आम्ही संधिगत वात समजून अभ्यंग केले व कोपर वाकवून उपनाह घट्ट बांधला. करंगळीबद्दल आम्ही विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. तीन आठवड्यांनी ते म्हणाले, “वैद्यराज, दुखणं कमी आहे, पण गोळ्यांची पट्टी कापताना कात्री निसटते.” हात पाहिला, तर अंगठा व तर्जनी यांमधील मांस ओसरून खळगा पडला होता. नाडीवरील दाब वाकवलेल्या कोपरात वाढतो. आमच्या बंधनाने त्यात भरच पडली होती. पुढे नर्व्हची तपासणी व शस्त्रकर्म झाले. मुंग्या थांबल्या, खळगा पुरता भरला नाही. सुश्रुतोक्त ‘कुणि’ म्हणजे हीच नाडीविकृती, असे आम्ही म्हणणार नाही. पण मर्माचा इशारा आम्हास त्या दिवशी समजला.

तेव्हापासून आतील बाजू दुखत असल्यास करंगळी व अनामिकेची संवेदना पाहिल्याविना आम्ही तेलाची वाटी हाती घेत नाही. अंगठा व तर्जनी यांत कागद धरावयास देऊन ओढून पाहतो. तो धरून ठेवण्यासाठी अंगठ्याचे टोक वाकू लागले तर स्नायू दुर्बळ झाले आहेत असे समजतो. बिंदुदाह बाहेरील बाजूस आम्ही विचारपूर्वक करतो. आतील उंचवट्याच्या मागे कदापि नाही. प्रारंभीच्या रुग्णास कोपर टेकणे सोडण्यास आणि रात्री ते वाकू नये म्हणून सैलसर टॉवेल गुंडाळण्यास सांगावे. करंगळीची बधिरता टिकून असेल किंवा पकड कमी झाली असेल, तर विनाविलंब तज्ज्ञाकडे पाठवावे.

कोपराच्या टोकावरील मऊ सूज, जिला ‘स्टुडंट्स एल्बो’ म्हणतात, ती टेकणे सोडल्याने बहुधा उतरते. ती लाल व उष्ण असेल आणि ज्वर असेल, तर जंतुसंसर्ग गृहीत धरावा. तेथे स्वेदन नको.

औषध-दुकानदार बंधूंसाठी एक विशेष सूचना. पडल्यानंतर सुजलेल्या कोपरासाठी कोणी तेल मागू लागल्यास ते देण्याआधी क्ष-किरण तपासणी झाली का, हे विचारावे. ताज्या आघातानंतर कोपर रगडल्याने स्नायूंत हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडू शकतो. लहान मुलांत तर कोपराच्या वरच हाड मोडण्याचा संभव मोठा. अशा वेळी बांबूच्या कांबींनी आवळलेल्या पट्टीमुळे प्रकोष्ठाचा रक्तपुरवठा तुटून पंजा आखडतो. १८८१ साली फोल्कमान यांनी याचे वर्णन केले. अतिगाढ बंधनाने शोफ, वेदना व पाक होतो, म्हणून भग्नात साधारण बंध बांधावा, असे सुश्रुतांनी भग्नचिकित्सेत आधीच सांगून ठेवले आहे. पट्टी बांधलेल्या मुलाची बोटे थंड, पांढुरकी वा बधिर झाली असतील किंवा बोटे सरळ करताना ते किंचाळत असेल, तर पट्टी तत्काळ सैल करून त्यास त्याच तासाला शस्त्रकर्माची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.