दूध पुरत नाही का?

प्रश्न : आम्ही मूळचे अमळनेरचे. यजमान सुरतेत पांडेसऱ्याच्या जीआयडीसीत प्रिंटिंग मिलमध्ये आहेत. बाळ अठरा दिवसांचं आहे; संध्याकाळी दर अर्ध्या तासाला प्यायला मागतं. सासूबाई म्हणतात, वरचं दूध दे, उकाड्यात पाणीही पाज.

उत्तर : ताई, रडणं मोजू नका, लंगोट मोजा. दिवसरात्रीत सहा किंवा जास्त ओले होत असतील आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून निघालं असेल, तर दूध पुरतंय. वजन अंगणवाडीत ममता दिवसाला, म्हणजे आई-बाळाच्या तपासणीच्या दिवशी, करून घ्या. या वयात बाळं संध्याकाळी सारखी ओढतात, आणि ओढतात म्हणूनच पान्हा वाढतो. बाटली आली की ओढणं घटतं, दूध आटतं आणि सासूबाईंचं म्हणणं खरं ठरतं! पाणी सहा महिने नको, सुरतेच्या मे महिन्यातही नको. आईच्या दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असतं. मध तर वर्षभर चाटवू नका. पाजताना दुखत असेल तर पकड चुकतेय : नुसतं बोंड नव्हे, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा. बाळ सुस्त पडलं, ताप आला किंवा लघवी कमी झाली, तर लगेच डॉक्टर गाठा. सासूबाईंचे डिंकाचे लाडू मात्र जरूर खा.