वेदनाशमन आणि पुनर्वसन : प्रश्न औषधाचा की व्यवस्थेचा?

कोणत्याही देशाच्या आरोग्यस्थितीचे मूल्यमापन करताना आपण सामान्यतः अर्भक मृत्युदर, माता मृत्युदर आणि सरासरी आयुर्मान या निर्देशांकांचा आधार घेतो. हे सर्व निर्देशांक मृत्यूशी निगडित आहेत. माणूस किती वर्षे जगला हे त्यांवरून कळते. त्यांपैकी किती काळ त्याने असह्य वेदनेत काढला, याची नोंद मात्र त्यांत होत नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही सहसा होत नाही. वेदनाशमन, पुनर्वसन आणि दीर्घकालीन रुग्णांची शुश्रूषा ही क्षेत्रे उपेक्षित राहण्याचे एक महत्त्वाचे कारण येथे सापडते. या उपेक्षेमागे साधनसंपत्तीची टंचाई कितपत आहे आणि व्यवस्थेची रचना कितपत कारणीभूत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनांची ओळख

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा वारंवार उद्भवणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना असे म्हणतात. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत तिला स्वतंत्र स्थान देण्यात आले. वेदना हे प्रत्येक वेळी दुसऱ्या रोगाचे लक्षण असतेच असे नाही. काही वेळा ती स्वतःच एक व्याधी असते, ही मान्यता त्यामुळे मिळाली.

गंभीर आजार झालेल्या रुग्णाच्या शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक यातना कमी करणाऱ्या सेवेस उपशामक शुश्रूषा किंवा पॅलिएटिव्ह केअर असे संबोधले जाते. डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस या संस्थेपासून तिचे आधुनिक स्वरूप आकारास आले. आजार किंवा दुखापतीनंतर व्यक्तीची कार्यक्षमता शक्य तितकी परत मिळवून देणे म्हणजे पुनर्वसन होय. भौतिकोपचार, व्यवसायोपचार, वाचोपचार तसेच कृत्रिम अवयव व साहाय्यक साधने यांचा त्यात समावेश होतो.

अफू पिकविणारा देश आणि मॉर्फिनची टंचाई

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे प्रभावी औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अत्यावश्यक औषधांच्या पहिल्याच यादीत त्याचा अंतर्भाव होता. मॉर्फिन अफूपासून मिळते आणि भारत हा अफूचे कायदेशीर उत्पादन करणारा प्रमुख देश आहे. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशातील अधिसूचित क्षेत्रांत शेतकरी परवान्यावर खसखशीचे पीक घेतात. ग्वाल्हेर येथे मुख्यालय असलेला केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरो या लागवडीवर देखरेख ठेवतो. गाझीपूर आणि नीमच येथे शासकीय अफू व अल्कलॉइड कारखाने आहेत. म्हणजे कच्चा माल, कारखाने आणि तंत्रज्ञान यांपैकी कशाचीही वानवा नाही.

तरीही २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालानुसार भारतात वेदनाशमनासाठी लागणाऱ्या अफूजन्य औषधांच्या गरजेपैकी केवळ सुमारे ४ टक्के गरज भागत होती. २०१५ मध्ये जगातील ६.१ कोटींहून अधिक लोकांना गंभीर आरोग्यविषयक यातना सोसाव्या लागल्या आणि त्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक अल्प व मध्यम उत्पन्न गटांतील देशांचे रहिवासी होते, असे या आयोगाने दाखविले. जगात दरवर्षी वितरित होणाऱ्या सुमारे २९८.५ टन मॉर्फिनतुल्य औषधांपैकी अल्प उत्पन्न गटातील देशांच्या वाट्याला जेमतेम ०.१ टन येत होते. ही तूट सर्वांत कमी किरकोळ किमतीने भरून काढण्यास साऱ्या जगाला वर्षाला सुमारे १४.५ कोटी डॉलर पुरेसे होतील, हा आयोगाचा अंदाज अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. जागतिक आरोग्य खर्चाच्या तुलनेत ही रक्कम नगण्य आहे.

१९८५ ते २०१४ : कायद्याची वाटचाल

अंमली औषधीद्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ मध्ये संमत झाला. अंमली पदार्थांच्या व्यापारास आळा घालणे हा त्याचा प्रमुख हेतू होता. कायद्याने वैद्यकीय व वैज्ञानिक वापरास मुभा ठेवली होती. परंतु शिक्षा अत्यंत कठोर होत्या आणि मॉर्फिन बाळगणे, त्याची वाहतूक करणे याविषयीचे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवीत असे. त्यामुळे एका रुग्णालयास निरनिराळ्या खात्यांचे अनेक परवाने मिळवावे लागत आणि एक परवाना हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. परिणामी १९८५ ते १९९७ या काळात देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. एका पिढीतील डॉक्टरांना मॉर्फिन हाताळण्याचा सरावच उरला नाही.

या प्रश्नाला संघराज्यीय बाजूही आहे. निर्यातीसाठी अफूची लागवड, उत्पादन व विक्री हा संघसूचीतील (नोंद ५९), औषधे व विष हा समवर्ती सूचीतील (नोंद १९), तर सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यसूचीतील (नोंद ६) विषय आहे. संविधानाचा अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारण्याचे कर्तव्य राज्यसंस्थेवर सोपवितो आणि मादक पदार्थांच्या बंदीचा निर्देश देताना औषधी वापराचा अपवाद करतो. नियंत्रण आणि उपलब्धता या दोहोंचा समतोल संविधानकारांनी एकाच अनुच्छेदात साधला होता. तो प्रशासनात उतरला नाही.

२०१४ च्या दुरुस्तीने हा समतोल पुन्हा प्रस्थापित करण्याचा प्रयत्न केला. ‘अत्यावश्यक अंमली औषधे’ असा नवा वर्ग निर्माण करून त्यासंबंधीचे नियम करण्याचा अधिकार केंद्राकडे घेण्यात आला. मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे या वर्गात येतात. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेस आता अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते.

दोन प्रकारचे प्रमाद

असे निर्बंध इतका काळ का टिकले? संख्याशास्त्रात निर्णयातील प्रमाद दोन प्रकारचे मानतात. अपात्र व्यक्तीस औषध मिळणे हा एक प्रमाद, तर पात्र रुग्णास ते न मिळणे हा दुसरा. पहिला प्रमाद घडला की चौकशी होते, वृत्तपत्रांत बातमी येते आणि संबंधित अधिकारी किंवा डॉक्टर अडचणीत येतो. दुसऱ्या प्रमादाची नोंदच होत नाही, कारण त्याची किंमत घराच्या कोपऱ्यात खाटेवर पडलेला रुग्ण मोजत असतो. अशा स्थितीत परवाना नाकारणे हाच निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीने सुरक्षित मार्ग ठरतो. त्यात बाजाराचीही साथ नाही. मॉर्फिनची साधी गोळी स्वस्त असल्याने तिच्यात नफा अल्प आहे आणि महागड्या औषधांमागे असते तशी विक्रीयंत्रणा तिच्यामागे उभी राहत नाही.

पहिला प्रमाद काल्पनिक आहे असे मात्र समजू नये. अमेरिकेत दीर्घकालीन वेदनेसाठीही अफूजन्य औषधे सढळ हाताने लिहून दिली गेली. तेथून वाढलेले व्यसनाचे संकट पुढे हेरॉइन व अवैध फेंटानिलकडे वळले आणि २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षी अशा पदार्थांच्या अतिसेवनाने ८० हजारांहून अधिक मृत्यू झाले. टोकाची बंदी आणि बेबंद विक्री हे दोन्ही मार्ग घातक आहेत.

केरळचा अनुभव

या दोन टोकांमधील मार्ग केरळमध्ये दिसतो. कोझिकोड येथील वैद्यकीय महाविद्यालयात १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी स्थापन केली. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. प्रशिक्षित स्वयंसेवक रुग्ण शोधतात, परिचारिका घरी जाऊन जखमांची मलमपट्टी करते व औषधे पाहते आणि डॉक्टरचा सल्ला गरजेप्रमाणे घेतला जातो. एप्रिल २००८ मध्ये केरळने उपशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर केले; असे करणारे ते देशातील पहिले राज्य होय. या धोरणानुसार गृहभेटींची जबाबदारी पंचायतींच्या योजनांत समाविष्ट झाली.

हा प्रयोग यशस्वी होण्यास अनुकूल पार्श्वभूमी होती. १९९६ पासूनच्या जनयोजना अभियानामुळे केरळातील पंचायतींकडे निधी व नियोजनाचा अनुभव होता. ७३ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत प्राथमिक आरोग्य केंद्रे हा विषय सर्वच राज्यांसाठी नमूद आहे. निधी व मनुष्यबळाचे हस्तांतरण मात्र सर्वत्र सारखे झालेले नाही. महाराष्ट्रातही या कार्याची परंपरा आहे. देशातील पहिले हॉस्पिस मानले जाणारे शांती आवेदना सदन १९८६ मध्ये मुंबईत सुरू झाले आणि राज्याने २०१२ मध्ये उपशामक शुश्रूषेचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी टाटा स्मारक रुग्णालयात या विषयाचा एम.डी. अभ्यासक्रम सुरू झाला.

औषधापलीकडचे उपचार

कर्करोगाच्या वेदनेस लागू पडणारा उपाय कंबरदुखीस लागू पडत नाही. २०२० मध्ये जगातील सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दीर्घकालीन कंबरदुखीसाठी व्यायाम, रुग्णशिक्षण व मानसोपचार यांची शिफारस केली असून अफूजन्य औषधे आणि कमरपट्ट्यांचा सरसकट वापर टाळण्यास सांगितले आहे. पुनर्वसनाचा लाभ होऊ शकेल अशा व्याधी असलेल्या व्यक्तींची संख्या २०१९ मध्ये जगात सुमारे २४१ कोटी होती. कष्टकरी माणसाच्या दृष्टीने पुनर्वसन म्हणजे बुडालेली मजुरी परत मिळविण्याचे साधन आहे. म्हणून त्यावरील खर्चाकडे मानवी भांडवलातील गुंतवणूक म्हणून पाहिले पाहिजे.

या सेवांना अर्थसाहाय्य कोठून मिळते? प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे पाच लाख रुपयांचे वार्षिक संरक्षण मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. महिनोन्महिने चालणारा भौतिकोपचार आणि घरची शुश्रूषा यांचा भार प्रामुख्याने कुटुंबावर पडतो. २०२१–२२ मध्ये एकूण आरोग्य खर्चात खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा ३९.४ टक्के होता. कुटुंबातील स्त्रीने काम सोडून केलेली सेवा तर या आकडेवारीत येतच नाही.

समारोप

धोरणाची चौकट आज बऱ्याच अंशी तयार आहे. राष्ट्रीय उपशामक शुश्रूषा कार्यक्रम २०१२ मध्ये आखला गेला, राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ ने या सेवेस प्राथमिक आरोग्यसेवेत स्थान दिले आणि २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्रांच्या बारा सेवांत वृद्धांची व उपशामक शुश्रूषा समाविष्ट आहे. आता गरज आहे ती प्रत्येक जिल्ह्यात किमान एक मान्यताप्राप्त संस्था, मॉर्फिन लिहून देण्याचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर, गृहभेट देणारी परिचारिका आणि परवडणारा भौतिकोपचार यांची. अधिकाऱ्यांच्या कामगिरीचे मोजमाप करताना रोखलेल्या गैरवापराबरोबरच पुरविलेल्या औषधाचाही हिशेब झाला पाहिजे.

आरोग्यसेवेच्या प्रश्नाचे उत्तर लिहिताना विद्यार्थी बहुधा निधीच्या अपुरेपणापासून प्रारंभ करतात. वेदनाशमनाचे उदाहरण त्यांना एक वेगळी शिस्त शिकवते. आधी वस्तूची किंमत पाहावी, मग ती रुग्णापर्यंत कोणत्या टप्प्यावर अडते ते शोधावे आणि त्यानंतरच उपाय सुचवावा. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला हवे असलेले औषध याच देशाच्या शेतात पिकते. ते त्याच्या उशाशी पोहोचविणे हे सुशासनाचे काम आहे.