वाटीनं मोजलेला साबण

आत्याबाईंनी हात बादलीत बुडवले ते बाहेर काढीनात. "नुसती आग व्हायली गं," एवढंच म्हणाल्या. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. जानेवारीचा महिना, बालाघाटावरचा कोरडा वारा आणि नुकतीच उरकलेली तुरीची कापणी, त्यामुळं त्यांच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. त्या भेगांसाठीच मी ऑलिव्ह तेलाचा साबण घरी केला होता. त्याच साबणानं भेगा लालभडक झाल्या.

घाटनांदूरसारख्या गावात ऑलिव्ह तेल म्हणजे लातूरहून मुद्दाम मागवायची वस्तू. तरीही ते आणलं, कारण नुसत्या ऑलिव्हचा साबण कातडीला सौम्य असतो, हे खरं आहे. चूक तेलात नव्हती, माझ्या मापात होती. 500 मिलीची बाटली पातेल्यात ओतली आणि कॉस्टिक सोडा वाटीनं घेतला. स्वयंपाकाला ज्या वाटीनं मी डाळ-तांदूळ घेते, तसल्याच एका वाटीनं. प्रसंग घडून गेल्यावर ती वाटी तशीच भरून काट्यावर ठेवली, तर सोडा भरला 90 ग्रॅम. लागत होता 59.

हा 59 चा आकडा कुठून येतो ते नीट समजून घ्या, कारण घरच्या साबणातल्या बहुतेक दुखण्यांचं मूळ इथं आहे. तेल आणि सोडा यांची गाठ ठरलेली असते. 1 ग्रॅम ऑलिव्ह तेलाचा साबण व्हायला 0.135 ग्रॅम सोडा लागतो. शेंगदाणा तेलाला 0.137, एरंडेलाला 0.128, खोबरेलाला मात्र 0.183. बाटलीवर 500 मिली लिहिलेलं असलं तरी तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वजनात ते साधारण 458 ग्रॅमच भरतं. 458 ला 0.135 नं गुणलं की जवळपास 62 येतात. त्यातून शेकडा 5 कमी करायचे, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि साबण कातडीला लागत नाही. उरले 59. कागदावर दोन मिनिटांचं काम आहे. मी ते केलं नाही.

साबणानं मला आधीच सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी कापायला घेतला तर सुरीखाली वडी कापली न जाता तिचा भुगा होत होता आणि आत खडीसाखरेच्या चुऱ्यासारखे पांढरे कण दिसत होते. साबण चांगला कडक झाला, असं मी समजले. ऑलिव्हचा ताजा साबण तिसऱ्या दिवशी मऊ असतो, बोट दाबलं तर खूण उमटते. तो ठिसूळ निघाला तर सोडा जास्त झाला, असंच धरा. कुणी म्हणेल, महिनाभर वाळू द्या, सोडा आपोआप मरतो. किंचित फरक असेल तर तसं होईलही, पण 30 ग्रॅम जादा सोडा वाळवून मरत नाही.

पारख एकच, आणि ती जिभेची. साबण ओतल्यावर निदान दोन दिवस जाऊ द्यायचे. मग ओलं बोट वडीवर घासायचं, त्याचा फेस जिभेच्या शेंड्याला निमिषभर लावायचा आणि चूळ भरायची. नुसती साबणाची चव आली तर ठीक. बॅटरीचा सेल जिभेला लावल्यासारखा झटका बसला तर तो साबण कुणाच्याही अंगाला लावायचा नाही. दोन-तीन वड्या, मधली आणि कडेची, वेगवेगळ्या तपासाव्यात. हळदीच्या कागदावर ही परीक्षा होत नाही, कारण हळद सोड्याच्या जातीच्या कुठल्याही पदार्थानं लाल होते. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं ते याच गुणानं. चांगला साबणही हळद लाल करतो, त्यामुळं कागद काहीच वेगळं सांगत नाही. साबणाला पिवळा रंग यावा म्हणून हळद घालणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं: आधी विटकरी रंग येतो, मग तो मळकट होतो.

आता तो बिघडलेला साबण. मी तो फेकायला निघाले होते आणि थांबले, कारण काय बिघडलं ते आकड्यात कळलं होतं. 90 ग्रॅम सोड्याला, 5 टक्के सूट धरून, 702 ग्रॅम तेल लागतं. माझ्याकडं 458 होतं, कमी पडलं 244. हातात हातमोजे घालून सगळ्या वड्या आणि तो भुगा जुन्या किसणीवर किसला. आत्याबाईंनी वापरलेली वडीही त्यातच घातली. हे सगळं स्टीलच्या पातेल्यात घालून वर 244 ग्रॅम ऑलिव्ह तेल आणि अर्धी वाटी पाणी टाकलं. पातेलं उकळत्या पाण्याच्या मोठ्या भगुन्यात ठेवलं आणि झाकण लावून मंद आचेवर, दर पंधरा मिनिटांनी हलवत, तीन तास शिजवलं. पहिल्या तासात तेल वेगळं तरंगत होतं आणि सगळं वाया जाणार असं वाटत होतं. दुसऱ्या तासाच्या शेवटी ते आळायला लागलं आणि शेवटी उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखं, कडेनं थोडं पारदर्शक दिसू लागलं. गार झाल्यावर जिभेला लावून पाहिलं. झटका नव्हता. साच्यात चमच्यानं दाबून भरलं. असा शिजवलेला साबण दिसायला खडबडीत असतो, पण वापराला चोख.

ज्यांना जादा सोडा किती आहे हे ठाऊक नाही, त्यांनी हे करू नये. अंदाजानं तेल घालत बसायचं आणि जिभेवर विसंबायचं, हा खेळ नव्या माणसाचा नाही. म्हणून वहीत तेल किती, सोडा किती, तारीख काय, हे ओतायच्या आधी लिहायचं.

दुसरा घाणा बिघडला तो तेलाच्या लेबलनं. मालिशच्या तेलाची बाटली होती, पुढं ठळक अक्षरात ऑलिव्ह, जैतुनाच्या फांदीचं चित्र. या वेळी वजन चोख केलं होतं. तासभर घुसळलं, तेल तेलाच्या जागी आणि पाणी पाण्याच्या जागी. रात्रभर ठेवलं तरी तेच. सकाळी भिंग घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. घटकांत पहिलं नाव लाइट लिक्विड पॅराफिन होतं, ऑलिव्ह शेवटून दुसरं. पॅराफिन खनिज तेलातून निघतं, त्याच्यावर सोड्याचा काही परिणाम होत नाही, जन्मभर घुसळलं तरी साबण होणार नाही. या घाण्याला उपाय नाही, कारण त्यात खरं तेल किती ते कळायला मार्ग नसतो आणि जवळपास सगळा सोडा जिवंत असतो. वरचं तेल मी हातमोजे घालून लाकडाच्या भुशात जिरवलं आणि खालचं पाणी थोडं थोडं, बादलीभर पाण्याबरोबर, संडासात सोडलं. उघड्या नालीत ओतू नका, तिथं जनावरं तोंड घालतात. साबणासाठी खायचंच ऑलिव्ह तेल घ्या. त्यात महागातलं एक्स्ट्रा व्हर्जिन लागत नाही. पोमेस म्हणून जे स्वस्त मिळतं ते चालतं, उलट लवकर आळतं.

खरं तेल असूनही पाणी-तेल फुटलं तर घाबरायचं कारण नाही. नुसत्या ऑलिव्हला हातानं घुसळून आळायला कित्येक तास लागू शकतात, आणि धीर सुटून आपण लवकर ओततो. आधी ते कढीसारखं दिसतं, मग बासुंदीसारखं. डाव उचलून वरून ओघळ सोडला आणि ती रेघ पृष्ठभागावर क्षणभर उमटून राहिली, की ओतायचं. तेल थंड असेल तर ते नुसतं गोठल्यानंही दाट दिसतं आणि फसवतं. साच्यात फुटलेलं सगळं परत पातेल्यात घ्या, तळाचं पाणी एक थेंबही टाकू नका कारण सोडा त्यातच आहे, 40-45 अंशांपर्यंत कोमट करा आणि स्टीलच्या दांड्याच्या हँड ब्लेंडरनं थांबून थांबून फिरवा. मी पहिल्यांदा घरातली लाकडी रवी वापरली होती. चार घाण्यांत तिच्या पाकळ्यांचे तंतू सुटले.

जर्मनच्या पातेल्यात मात्र चुकूनही करू नका. आपल्याकडं निम्मी भांडी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. सोडा त्याला खातो, भांडं फसफसतं आणि त्यातून हायड्रोजन वायू निघतो, जो पेट घेतो. स्टील किंवा जाड प्लास्टिक, बस.

पावसाळ्यात केलेला एक घाणा दोन महिने झाले तरी लोण्यासारखा राहिला. जिभेला झटका नाही, पण हात धुतले तरी तेलकट. त्याचं कारण सोड्याच्या डब्यात होतं. पुडी उघडी राहिली की सोडा हवेतलं पाणी आणि वायू ओढून घेतो, ढेकळं होतात, वजन तेच भरतं पण जोर कमी होतो. असा साबण मी वरच्यासारखाच शिजवायला ठेवते, नव्या सोड्यातले 5 ग्रॅम 15 ग्रॅम पाण्यात विरघळवून घालते, दोन तास शिजवते, जीभ लावते, आणि गरज पडली तरच पुन्हा घालते. नाही तर त्यानं फरशी पुसायची. सोडा हवाबंद बरणीत ठेवायचा, बरणीवर मोठ्या अक्षरात विष लिहायचं आणि ती पोरांच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर कुलपात ठेवायची. पाण्याच्या किंवा थंड पेयाच्या बाटलीत कालवलेला सोडा कधीही ठेवायचा नाही. दिसायला ते पाणीच असतं.

आता करडईच्या तेलाबद्दल सांगते, कारण तो माझा हट्ट होता. मराठवाड्याचं आपलं तेल करडईचं, परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिचे वाण काढले, मग बाहेरचं ऑलिव्ह कशाला, असं मला वाटायचं. अर्धं करडई घालून केलेला साबण सुंदर दिसला. तीन महिन्यांत त्यावर नारिंगी ठिपके उठले आणि खवट वास आला. आपल्या जुन्या वाणांच्या करडईत लिनोलिक आम्ल फार असतं. खायला ते चांगलं, पण त्यानं साबण मऊ राहतो आणि लवकर खवट होतो. खवट साबण शिजवून सुधारत नाही. करडई शेकडा 10 च्या पुढं घालू नये. ऑलिव्हच्या बदली आपल्या भागात जवळचं तेल शेंगदाण्याचं आहे. आणि फेस हवा असेल तर शेकडा 20 ते 25 खोबरेल. आमच्या बोअरच्या जड पाण्यात नुसत्या ऑलिव्हचा फेस बुळबुळीत होतो, उठत नाही. ज्याला हे ठाऊक नसतं त्याला साबण बिघडला असं वाटतं.

सोडा विरघळवायलाही बोअरचं पाणी नको, त्यातल्या क्षारांनी पांढरी कणी धरते. गॅरेजवर बॅटरीसाठीचं डिस्टिल्ड वॉटर मिळतं ते घ्या, पण कॅन नीट वाचून, कारण शेजारच्याच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिड असतं. वड्यांवर नुसती पांढरी भुकटी आली असेल आणि जिभेला झटका नसेल, तर तो दोष नाही, ओल्या फडक्यानं पुसून टाका.

सोडा नेहमी पाण्यात टाकायचा, थोडा थोडा. पाणी सोड्यावर ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं. हे काम अंगणात, चष्मा आणि हातमोजे घालून, पोरं शाळेत असताना. पाणी इतकं तापतं की भांड्याला हात लावता येत नाही. आमच्याकडं नळाला रोज पाणी नसतं, म्हणून सुरुवात करायच्या आधी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली आणि एक मग शेजारी ठेवायचा. अंगावर उडालं तर 20 मिनिटं पाणीच ओतत राहायचं, लिंबू किंवा व्हिनेगर लावायचं नाही. डोळ्यात गेलं तर तसंच पाणी ओतायचं आणि अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्याची वाट धरायची. कुणी प्यायलं तर उलटी काढायची नाही, कारण वर येताना तो दुसऱ्यांदा भाजतो. आत्याबाईंनी हात बादलीत धरून ठेवले तेच बरोबर होतं, आणि ते त्यांनी कुणी न सांगता केलं.

बचत गटाच्या दोघी-तिघी विचारतात की विकायला करू का. अंगाचा साबण हा कायद्यानं सौंदर्यप्रसाधनात येतो आणि विक्रीसाठी बनवायला परवाना लागतो. तो हातात येईपर्यंत घरच्यापुरता करा आणि वह्या भरा.

ऑलिव्हचा साबण वाळायला किती दिवस ठेवावा, असंही विचारतात. सीरियातल्या अलेप्पोला आणि पॅलेस्टाइनमधल्या नाब्लूसला शेकडो वर्षं ऑलिव्ह तेलापासून साबण होतो. दोन्हींची परंपरा 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. अलेप्पोचे कारागीर वड्या रचून सहा-सहा, नऊ-नऊ महिने वाळवतात. मी सहा महिने धरते. माळ्यावर फळीवर कागद अंथरून वड्या अंतर ठेवून मांडलेल्या असतात, प्रत्येक ओळीपुढं तारखेची चिठ्ठी. जूनमध्ये ओतलेला घाणा डिसेंबरात, तुरीच्या कापणीच्या आधी, खाली उतरतो. आत्याबाई वडी हातात घेतात, नाकाशी धरतात आणि मोरीकडं जायच्या आधी विचारतात, "जिभीला लावून पाह्यलीस का गं?"