कमरेचा पट्टा : गरज कुणाची, नफा कुणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

अर्थशास्त्राच्या पहिल्याच प्रकरणात आपण शिकतो की, ग्राहक हा बाजारपेठेचा राजा असतो. तो आपली गरज ओळखतो, चार दुकानांत भाव विचारतो आणि मग खरेदी करतो. परंतु एक बाजारपेठ अशी आहे की जेथे हा राजा वेदनेने वाकलेला असतो, वस्तूची त्याला माहिती नसते आणि निवड दुसराच कोणी करतो. कमरेचा पट्टा, मानेची कॉलर, गुडघ्याचा आधार अशा हाडांच्या दुखण्यावरील साधनांची ती बाजारपेठ होय. तिच्यातील नीती आणि नियम यांचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय मी पुस्तकातून निवडलेला नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, बाजार समितीत हमाली करतात. गेल्या वर्षी त्यांची कंबर धरली. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी तपासून चिठ्ठी दिली आणि पट्टा कोणत्या दुकानातून घ्यायचा तेही सांगितले. दुकानातल्या मुलाने नजरेनेच माप ठरवले आणि नऊशे रुपये घेतले. बिल दिले नाही. मी म्हटले, “अण्णा, दुसरीकडे विचारू या का?” ते म्हणाले, “साहेबांनी सांगितलंय, आपल्याला काय कळतंय त्यातलं?” पुढे सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट बाईंनी टेप लावून पाहिले. पट्टा दोन मापे मोठा होता. त्यांनी व्यायाम शिकवले, वाकण्याची व ओझे उचलण्याची रीत दाखवली. दुकानदाराने वापरलेला माल परत घेण्यास नकार दिला. त्या चिठ्ठीमागे काही देवघेव होती की नव्हती, मला ठाऊक नाही. परंतु ते आम्हाला कळण्याची सोयच नव्हती, हाच माझा मुद्दा आहे.

सर्व पट्टे निरुपयोगी असतात, असा याचा अर्थ मुळीच नाही. जन्मतः पाऊल वाकडे असलेल्या बालकांवर पोन्सेटी पद्धतीने प्लास्टर घालून उपचार करतात. त्यानंतर पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि पुढे सुमारे चार वर्षांचे होईपर्यंत झोपताना पट्टीचे बूट घालावे लागतात. ते सोडले तर पाऊल पुन्हा वळते. येथे साधन हाच उपचार होय. याउलट, ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शनात साध्या कंबरदुखीसाठी पट्टा देऊ नये, असे म्हटले आहे. म्हणजे एकाच दुकानात टांगलेल्या दोन वस्तूंपैकी एक अत्यावश्यक, तर दुसरी शंकास्पद असू शकते. हा भेद रुग्णाला कळत नाही, डॉक्टरांना कळतो. म्हणूनच त्यांचा निर्णय निर्लेप असला पाहिजे.

नियम याविषयी काय सांगतात? डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाबाबतच्या २००२ च्या नियमावलीनुसार रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन वा भेट घेणे हा गैरवर्तनाचा प्रकार आहे. वैद्यकीय साधनांचे खुले दुकान डॉक्टरांनी चालवू नये, असेही तीत आहे. मात्र रुग्णाचे शोषण होत नसेल तर स्वतः साधन पुरवण्यास मुभा आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी नियमावली आली, पण तीन आठवड्यांत ती स्थगित होऊन २००२ चीच पुन्हा लागू करण्यात आली. आपल्या बोलीत या देवघेवीला ‘कट’ म्हणतात, आणि तो रोखणाऱ्या कायद्याचा मसुदा करण्यासाठी राज्य शासनाने २०१७ मध्ये समितीही नेमली होती.

वस्तूबाबतचे नियम वेगळे आहेत. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय साधने कायद्याने ‘औषध’ या व्याख्येत आली. त्यांचे धोक्यानुसार चार वर्ग आहेत. साधे पट्टे सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात मोडतात. त्यांच्या उत्पादकाला परवान्याऐवजी ऑनलाइन नोंदणी व स्वयंघोषणा पुरते. किमतीबाबत नियम असा की, छापील किंमत वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. परंतु मुळात ठरवलेली किंमत रास्त होती का, हा प्रश्न हा नियम विचारत नाही. गुडघा बदलण्याच्या कृत्रिम सांध्यांवर २०१७ मध्ये कमाल किंमत घालण्यात आली, तशी मर्यादा अण्णांच्या पट्ट्यावर नव्हती.

कोणी म्हणेल, पैसे सरकारने वा विम्याने दिले की प्रश्न सुटेल. अमेरिकेचा अनुभव निराळा आहे. तेथे वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहे. एप्रिल २०१९ मध्ये तेथील सरकारने २४ जणांवर आरोप ठेवले. वृद्धांना फोन करून पाठ, गुडघा, खांदा यांचे पट्टे ‘मोफत’ देऊ करायचे, न तपासताच डॉक्टरांची सही मिळवायची आणि बिल मेडिकेअरला लावायचे, असा तो प्रकार. नुकसानीचा आकडा १२० कोटी डॉलरांहून अधिक सांगितला गेला. तेथे रुग्णाच्या खिशाला प्रत्यक्ष झळ नव्हती, तरीही फसवणूक झाली. तेव्हा मूळ दोष पैसे कोण देतो यात नाही. चिठ्ठी लिहिणाऱ्याला विक्रीत वाटा मिळतो, यात आहे.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. चिठ्ठीत दुकानाचे नाव नसावे. पट्ट्याचा प्रकार, माप, कारण आणि किती दिवस वापरायचा हे मात्र मराठीत लिहिलेले असावे. डॉक्टरांचा दुकानाशी संबंध असेल तर तो रुग्णाला आधी सांगावा. दुकानदाराने टेप लावून माप घ्यावे, बिल द्यावे आणि माप चुकल्यास बदलून द्यावे. आपणही एक करू शकतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी चिठ्ठी वाचता येणारे आपणच पहिले आहोत. घरातल्या माणसाबरोबर दवाखान्यात जावे आणि नम्रपणे विचारावे, “डॉक्टरसाहेब, हा पट्टा कशासाठी, किती दिवस, आणि दुसरीकडून घेतला तर चालेल ना?”

हा प्रश्न विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. प्रामाणिक डॉक्टर त्याचे उत्तर आनंदाने देतील. त्या दिवशी मी तो विचारला नाही, याची खंत मला आजही आहे.