मोठ्या फिल्मचे माप कसे निवडावे?

धंद्यात भांडवल अडकते ते बहुधा पहिल्याच खरेदीत. म्हणूनच मोठ्या फिल्मवर काम सुरू करू इच्छिणाऱ्या फोटोग्राफर बांधवांना आमचे सांगणे आहे, की कॅमेरा स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका. गिऱ्हाइकाला कोणत्या मापाची प्रिंट द्यायची ते आधी ठरवा. त्यावरून फिल्मचे माप ठरवा. कॅमेरा सर्वात शेवटी.

सुट्या शीटची प्रचलित मापे तीन: ४ × ५, ५ × ७ आणि ८ × १० इंच. त्यांचे क्षेत्रफळ अनुक्रमे २०, ३५ व ८० चौरस इंच भरते. म्हणजे ८ × १० ची एक शीट ४ × ५ च्या चार शीटांएवढी झाली. फिल्म व केमिकलचा खर्चही साधारण याच हिशेबाने चढतो. शिकताना शीट वाया जाणारच, तेव्हा हा फरक खिशाला जाणवतो.

४ × ५ : ही फिल्म ३५ मिलिमीटरच्या फ्रेमच्या सुमारे १५ पट मोठी असते. १६ × २० ची प्रिंट काढण्यास फक्त ४ पट एन्लार्जमेंट लागते. फिल्म, होल्डर, एन्लार्जर यांची सर्वाधिक निवड याच मापात मिळते. नवीन माणसाने येथूनच सुरुवात करावी.

५ × ७ : चौकट लांबट व देखणी, पण फिल्मचे प्रकार मोजके. यातील बऱ्याच कॅमेऱ्यांना ४ × ५ चा मागचा भाग जोडता येतो. तशी सोय असेल तरच घ्यावा.

८ × १० : निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून तेवढ्याच मापाची प्रिंट काढणाऱ्यांसाठी हे माप उत्तम. अमेरिकन फोटोग्राफर एडवर्ड वेस्टन यांनी याच पद्धतीने नाव कमावले. प्लॅटिनम किंवा सायनोटाइप प्रिंटलाही प्रिंटएवढीच निगेटिव्ह लागते. मात्र ४ × ५ ची नेहमीची १५० मिलिमीटरची लेन्स येथे सहसा पुरत नाही, कोपरे काळे येतात. साधारण ३०० मिलिमीटरची लेन्स लागते. तेवढीच खोली स्पष्ट हवी असेल, तर एफ २२ ऐवजी एफ ४५ ठेवावे लागते. मग १ सेकंदाच्या जागी ४ सेकंद एक्स्पोजर द्यावे लागते. माणसांच्या फोटोत ही अडचण मोठी आहे.

जुन्या स्टुडिओंतील फुल प्लेटचे लाकडी कॅमेरे दिसायला मोहक असतात. परंतु ६½ × ८½ इंचाची फिल्म दुकानात सहज मिळत नाही. कॅमेऱ्यासोबत होल्डर आहेत काय, भात्याला छिद्रे आहेत काय, हे अंधारात दिवा लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

सौदा करण्यापूर्वी कॅमेरा, लेन्स, होल्डर आणि वर्षभराची फिल्म अशी चार रकान्यांत बेरीज मांडावी. कॅमेऱ्याची किंमत एकदाच द्यावी लागते, फिल्मची दर कामाला. जे माप महिनोन्महिने पेलेल, तेच आपले माप.