उभयमुख विक्रेता आणि गिऱ्हाईक

मानसशास्त्राच्या तासाला आमच्या सरांनी एकदा स्वभावमापनाची प्रश्नावली सोडवून घेतली. कोणी बहिर्मुख निघाले, कोणी अंतर्मुख. माझे गुण मात्र बरोबर मध्यावर आले. शेजारच्या मैत्रिणीने लगेच निदान केले, “म्हणजे तू ना इकडची ना तिकडची!” सगळे हसले, मीही हसले, पण ते वाक्य मनात राहिले. माझी आई गावोगाव हिंडून बांगड्या भरते आणि सुट्टीत मी तिच्याबरोबर असते. विक्री म्हणजे बोलक्या माणसाचे काम, असे आमच्याकडे सगळेच मानतात. तेव्हा या मधल्या स्वभावाच्या माणसाचे विक्रीत काय होते, गिऱ्हाइकाशी त्याचे कसे जमते, हे पाहावे असे ठरवले.

अंतर्मुख व बहिर्मुख ही विभागणी स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथामुळे सर्वत्र पसरली. दोन्हींच्या मध्ये असणाऱ्यांचा गटही मोठा आहे, हे खुद्द युंग यांनीच नोंदवले होते. या मधल्यांना पुढे ‘अँबिव्हर्ट’ म्हणू लागले. मराठीत आपण उभयमुख म्हणू. (आपल्या आयुर्वेदातही वात, पित्त, कफ यांच्या मिश्र प्रकृती सांगितल्या आहेत. मात्र वाग्भटाने दोन दोषांच्या प्रकृतीला निंद्य ठरवून तिन्ही समतोल असणारीला श्रेष्ठ म्हटले आहे. मिश्रण आणि समतोल या दोन गोष्टी त्याने वेगळ्या धरल्या, हे मला महत्त्वाचे वाटते.)

विक्रेता बहिर्मुख असावा या समजुतीला थोडा शास्त्रीय आधारही आहे. १९९१ साली बॅरिक आणि माउंट या संशोधकांनी पूर्वीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. विक्रेते व व्यवस्थापक यांच्या कामात बहिर्मुखतेचा उपयोग होतो, असे त्यांना दिसले. परंतु अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हॉर्टन स्कूलमधील ॲडम ग्रँट यांनी २०१३ साली या समजुतीला धक्का दिला. फोनवरून माल विकणाऱ्या ३४० जणांची बहिर्मुखता त्यांनी मोजली आणि पुढील तीन महिन्यांची विक्री तिच्याशी ताडून पाहिली. आलेख निघाला तो टेकडीसारखा. अतिशय अबोल आणि अतिशय बोलके, दोघेही पायथ्याशी, शिखरावर मधले. ग्रँट यांनी कारणमीमांसा केली ती अशी : फार उत्साही विक्रेता आपलेच म्हणणे मांडत राहतो, गिऱ्हाइकाला काय हवे ते त्याच्या कानावर पडत नाही, शिवाय इतका आग्रह पाहून गिऱ्हाईक सावध होते.

हे वाचून मला आनंद झाला, हे कबूल करते. पण आईबरोबरचा एक दिवस आठवला आणि हा आलेख अपुरा वाटू लागला.

आईचे काम प्रथम पाहणाऱ्याला ती पक्की बहिर्मुख वाटेल. गल्लीच्या तोंडाशीच तिची हाक सुरू होते. ओट्यावर पेटी उघडेपर्यंत चार बायका जमतात, चेष्टामस्करी चालते. पण बाईचा हात हातात घेतला की तिचे बोलणे थांबते. अंगठ्याखालचे हाड दाबून ती माप ठरवते. बाई अडीच म्हणो, आईच्या बोटांना सव्वादोन कळते. मग सगळे लक्ष त्या हातावर. आणि आई गप्प झाली की समोरची बाई बोलू लागते : कोणाचे डोहाळजेवण, कोणाच्या मुलीचे ठरले, कोणाचे माहेरी भांडण. आई “हं” म्हणते एवढेच. पुढच्या फेरीला चुडा कोणत्या घरी लागणार ते तिला असे कळते.

त्या दिवशी आई दोन घरे आधीपासूनच गप्प झाली होती. माझ्या ते ध्यानात आले नाही. विक्री वाढवायची म्हणून मीच पुढे होऊन नेहमीच्या घरासमोर मोठ्याने ओरडले, “काकू, नवीन हिरव्या आल्यात!” दारात काकू आल्या. हात मोकळे होते. काका जाऊन महिनाही झाला नव्हता.

आईने पेटी शेजारच्या ओट्यावर ठेवली, मला तिथेच बसवले आणि रिकाम्या हाताने आत गेली. तासाभराने परतली. त्या दिवशी त्या गावात आम्ही पुढे काही विकले नाही. (विधवेच्या हातात बांगडी नको, ही रूढी मला मुळीच पटत नाही, पण तो निराळ्या लेखाचा विषय.) चार महिन्यांनी त्याच घरच्या सुनेचे डोहाळजेवण झाले. काकूंनी आईला निरोप धाडून बोलावून घेतले.

ग्रँट यांच्या पद्धतीने त्या दिवसाची नोंद केली तर भोपळा येईल. त्यांनी मोजली ती तीन महिन्यांची विक्री. गिऱ्हाइकाशी जडलेले नाते हा त्यांच्या मोजणीचा विषयच नव्हता. जिथे त्याच दारी वर्षानुवर्षे जायचे असते, तिथे हिशोब निराळा. विमा प्रतिनिधीचेच पाहा : पहिल्या वर्षी त्याला कमिशन जास्त, पुढे कमी, आणि विमेदाराला त्याची खरी गरज लागते ती पुढेच, हप्ता चुकला किंवा घरात मृत्यू झाला म्हणजे.

दुसरी शंका मध्यावरच्या गुणांविषयी. माझे गुण मधले आले ते सरासरीने. सदा अर्धवट बोलणाऱ्याचे गुण मधले येतील, आणि वेळ पाहून कधी खूप बोलणारा, कधी गप्प बसणारा, त्याचेही मधलेच येतील. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वर्गात मी पहिल्या जातीची असेन. त्या दारासमोर मी गप्प बसायच्या वेळी ओरडले, एवढे खरे.

घरी जाऊन मी तीच प्रश्नावली आईला वाचून दाखवली. “अनोळखी माणसांत बोलायला तुम्हाला आवडते का?” या पहिल्याच प्रश्नाला तिने विचारले, “कुठं गं? घरी, का धंद्यावर?” मग मी सगळे प्रश्न दोनदा विचारले. धंद्यावरची उत्तरे बहिर्मुखाची आली, घरातली अंतर्मुखाची. दोन्ही कागद सरांना दाखवले आहेत. गुण कसे द्यायचे यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.