हिरड्यांतून रक्त येतंय? मग हे ऐक

सोनू, ब्रशला रक्त लागतं म्हणून तू ती बाजू घासायचीच सोडलीस म्हणे! दातांच्या दवाखान्यात माझी उभी हयात गेली, म्हणून सांगते: नेमकं उलटं कर. हिरडीच्या कडेला चिकट थर साचला की ती सुजते आणि सुजलेली हिरडी जरा धक्का लागला तरी रक्त सोडते. थर निघेपर्यंत ते थांबत नाही. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या प्रयोगात १२ निरोगी माणसांनी मुद्दाम दात घासणं सोडलं. ३ आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासू लागल्यावर बऱ्याही झाल्या.

ब्रश मऊ घे. दात आणि हिरडी मिळतात तिथे तो तिरपा टेकव, जागच्या जागी हलकेच हलव, मग दाताकडे ओढ. जोर नको, २ मिनिटं वेळ दे. रात्रीचा ब्रश चुकवू नकोस. दोन दातांच्या फटीत ब्रश पोचत नाही, तिथे दोरा किंवा बारीक ब्रश फिरव.

जिभेचं टोक खालच्या पुढच्या दातांच्या मागून फिरवून बघ. खरखरीत लागलं तर ते कीटण. लाळ तिथेच उतरते, म्हणून तिथे ते लवकर धरतं. ते ब्रशने निघत नाही, डॉक्टरांकडूनच काढून घ्यावं लागतं. सफाईने दात खिळखिळे होतात, हा गैरसमज आहे. हाड आधीच झिजलेलं असतं, कीटणाचा टेकू निघाला की ते उघडं पडतं. सफाईनंतर थोडे दिवस दात शिवशिवतील, घाबरू नकोस.

डॉक्टर बारीक सळईने हिरडीची खोली मोजतात. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. त्यापुढे गेली तर मुळापर्यंत सफाई लागू शकते. गेलेलं हाड सहसा भरून येत नाही, उरलेलं मात्र राखता येतं.

तुला दिवस गेलेत, त्यामुळे हिरड्या जास्तच फुगतील. सफाई तरीही करता येते. चौथा ते सहावा महिना सोयीचा, फक्त डॉक्टरांना आधी सांग.

तुझ्या आईला साखर आहे. साखर चढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखरेला आवरू देत नाहीत. ब्लडप्रेशरच्या अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनीही कधी कधी हिरड्या वाढतात. तसं दिसलं तर डॉक्टरांना विचारावं, गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

दादा मिशीला पीळ देऊन सांगतो, ‘एवढ्या सिगारेटी ओढतो, पण थेंबभर रक्त नाही!’ अरे, तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही. आतून हाड पोखरतच असतं. आजीची मशेरीही सोडवा. तिच्या तोंडात पांढरा चट्टा दिसला किंवा २ आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर लगेच दाखवा.

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी आराम पडतो, पण कीटण जात नाही. लवंगेचं तेल हिरडीवर नुसतं चोळू नकोस, भाजतं. क्लोरहेक्सिडिनचं औषधी पाणी सांगितलं तेवढेच दिवस वापर, दातांवर तपकिरी डाग पडतात.

पू दिसला, दात हलला किंवा दातांत नवी फट पडली, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठ. हे दुखणं बहुतेक वेळा दुखतच नाही. ठणक्याची वाट बघणाऱ्याच्या हाती शेवटी कवळी येते.